‘खबर’ आणि शोध : दृश्यतेच्या गद्याची एक चिकित्सा

जाहिरातीच्या गद्याकडे मराठी समीक्षेने आजवर फारसे लक्ष दिलेले नाही. त्यामागे एक अध्याहृत भूमिका आहे. वाङ्मय स्वायत्त आणि जाहिरात परायत्त, म्हणून पहिले समीक्षेचा विषय व दुसरे व्यापाराचा, अशी ही विभागणी. ती वाटते तितकी प्राचीन नाही. काव्याच्या प्रयोजनांची गणना करताना मम्मटाने यश आणि अर्थ यांनाच आरंभीचे स्थान दिले होते. वाङ्मयाला हेतू असणे हे भारतीय काव्यशास्त्राला कधी लांच्छनास्पद वाटले नाही. तेव्हा प्रश्न असा की, विक्रीच्या हेतूने लिहिलेले गद्य त्या हेतूपलीकडे केव्हा जाते व केव्हा त्यातच जिरून जाते? शोधयंत्रे आणि समाजमाध्यमे यांच्यासाठी मराठीत आज जे लेखन होत आहे, त्याच्या संदर्भात हा प्रश्न नव्याने विचारणे आवश्यक झाले आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी सातारा-सांगली हा प्रदेश विशेष उपयुक्त आहे. कारण विक्रीच्या गद्यातून वाङ्मयीन संस्था उभी राहिल्याचे मराठीतील सर्वांत ठळक उदाहरण याच भूमीतील आहे.

१

या विवेचनासाठी पूर्वमीमांसेतील एक संकल्पना उपयोगी पडते. मीमांसकांनी वेदवाक्यांत विधी आणि अर्थवाद असा भेद केला. विधी कर्तव्य सांगतो. अर्थवाद त्याची स्तुती करतो. अमुक देवता शीघ्रगामी आहे असे म्हणणारे वाक्य स्वतंत्रपणे काही सिद्ध करीत नाही. त्या देवतेला उद्देशून करावयाच्या कर्माविषयी श्रोत्याच्या मनात ओढ निर्माण करणे, हे त्याचे कार्य. विधीशी एकवाक्यता झाल्यावाचून अर्थवादाला प्रामाण्य नाही.

जाहिरात हा आधुनिक अर्थवाद होय. ‘विकत घ्या’ हा तिचा विधी बहुधा अनुच्चारित असतो आणि उच्चारलेली सारी वाक्ये त्याची स्तुती करीत असतात. रोलाँ बार्थने 1957 च्या ‘मिथॉलॉजीज’मध्ये साबणाच्या पावडरीपासून मोटारीपर्यंतच्या वस्तूंभोवती रचल्या जाणाऱ्या अर्थांचे जे विश्लेषण केले, ते याच स्तुतिवाक्यांचे विश्लेषण होते. तथापि अर्थवाद या संकल्पनेत एक गोष्ट गृहीत आहे. स्तुती ही कोणाला तरी उद्देशून असते. ज्याला रुची वाटू शकते, जो नकारही देऊ शकतो, असा श्रोता असल्याखेरीज अर्थवाद संभवत नाही. पुढील विवेचनात हा मुद्दा निर्णायक ठरणार आहे.

२

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, कुंडल स्थानकाजवळच्या ओसाड माळावर, 1910 मध्ये कारखाना आणि वसाहत उभारली. हा भाग विलीनीकरणानंतर 1949 मध्ये निर्माण झालेल्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आला आणि 1960 मध्ये त्या जिल्ह्याला सांगली हे नाव मिळाले. किर्लोस्करांचे प्रमुख उत्पादन लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत शेतकऱ्यांत होती आणि त्यामुळे प्रारंभीचे नांगर दीर्घकाळ पडून राहिले, असे सांगितले जाते. म्हणजे या उद्योगापुढची पहिली अडचण यंत्राची नव्हती, विश्वासाची होती; आणि ती भाषेनेच सुटण्यासारखी होती.

या पार्श्वभूमीवर लक्ष्मणरावांचे पुतणे शंकर वासुदेव किर्लोस्कर यांनी 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. शंकरराव चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते आणि कारखान्याच्या जाहिरातीचे काम त्यांच्याकडे होते. कारखान्याचा माल, त्याचा वापर, वसाहतीतील घडामोडी यांची वार्ता ग्राहकांपर्यंत आणि हितचिंतकांपर्यंत पोहोचविणे, हे पत्रकाचे मूळ प्रयोजन. आजच्या व्यापारी परिभाषेत ज्याला ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणतात, तेच हे. माल न विकता वाचनीय मजकूर द्यावयाचा व त्या मजकुराच्या ओघाने मालाचे नाव घरात न्यावयाचे. किर्लोस्करवाडीला हे तंत्र शंभर वर्षांपूर्वीच साधले होते.

परंतु येथे जे घडले ते तंत्राच्या अपेक्षेबाहेरचे होते. वाचनीयतेसाठी पत्रकात कथा आल्या, निबंध आले, वादविषय आले. पुढे नावातील ‘खबर’ हा शब्द गळाला व ‘किर्लोस्कर’ हे मासिक मराठी मध्यमवर्गाच्या वैचारिक जीवनाचा भाग बनले. 1930 मध्ये ‘स्त्री’ आणि 1934 मध्ये ‘मनोहर’ ही भावंडे जन्माला आली. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधून वाचकांपुढे आले. त्यांतील विचारांचा नांगराच्या खपाशी संबंध लावू गेल्यास तो ओढूनताणूनच लावावा लागेल. उलट अशा लेखनाने काही ग्राहक दुखावलेही जाण्याचा संभव होता. मासिकाने तो धोका पत्करला. अर्थवाद विधीपासून सुटून स्वतंत्र वाक्य झाला, असे मीमांसेच्या भाषेत म्हणता येईल.

असे का घडू शकले? संपादकाच्या उदारपणात याचे उत्तर अंशतः आहे. अधिक मूलभूत उत्तर संप्रेषणाच्या रचनेत आहे. वोल्फगांग ईझर ज्याला संहितेतील निहित वाचक म्हणतो, तो ‘खबर’च्या संहितेत मन वळवून घेऊ शकणारा, शंका घेणारा, वर्गणी बंद करू शकणारा मनुष्य होता. अशा वाचकाला धरून ठेवावयाचे तर त्याच्या बुद्धीला काही द्यावे लागते आणि एकदा ते दिले की त्याची मागणी वाढते. वाचक वाढला म्हणून पत्रक वाढले.

अर्थात या इतिहासाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ज्या नांगरासाठी ही खबर निघाली, तो नांगर धरणारा बहुसंख्य शेतकरी निरक्षर होता. मासिकाचा निहित वाचक क्रमाने पांढरपेशा होत गेला. नांगर शेतात राहिला आणि खबर दिवाणखान्यात गेली. ‘खबर’ सुरू झाले त्याच 1920 साली, त्याच परिसरातील वाटेगाव येथे अण्णा भाऊ साठे जन्मले. मांगवाड्यातील त्या मुलाला या मासिकाच्या निहित वाचकांत जागा नव्हती. पुढे मुंबईत दुकानांच्या पाट्या आणि चित्रपटांच्या जाहिराती वाचत त्यांनी अक्षरओळख पक्की केली, असे सांगतात. जाहिरातीचा हा उपयोग कोणत्याही जाहिरातदाराच्या मनात नव्हता. वाचक संहितेच्या हेतूला वळसा घालून तिच्यातून स्वतःला हवे ते घेऊ शकतो आणि त्या अक्षरांतून पुढे ‘फकिरा’ उभा राहू शकतो, याचे हे उदाहरण होय. मात्र त्यालाही एक अट आहे. पाटी माणसासाठी लिहिलेली असली पाहिजे.

३

शोधयंत्राच्या आगमनाने नेमकी हीच अट शिथिल झाली. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये मांडलेल्या पद्धतीत पानाचे महत्त्व त्याच्याकडे निर्देश करणाऱ्या इतर पानांवरून ठरविले जाते. मूळ कल्पना विद्याक्षेत्रातील संदर्भनिर्देशासारखी होती. त्याच निबंधात, जाहिरातीवर पोसलेली शोधयंत्रे स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकतील, असा इशाराही त्यांनी दिला होता. दोनच वर्षांनी, 2000 मध्ये, गूगलने शोधशब्दांवर आधारित जाहिरातींची विक्री सुरू केली. सिद्धान्ताने दिलेला इशारा व्यवहाराने कसा ओलांडला जातो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

निकालांच्या यादीत वर येण्यासाठी जे गद्य लिहिले जाते त्याचा नमुना म्हणून पुढील रचलेला परिच्छेद पाहावा : ‘साताऱ्यातील सर्वोत्तम कंदी पेढे शोधत आहात? साताऱ्यातील सर्वोत्तम कंदी पेढे आता ऑनलाइन उपलब्ध आहेत. साताऱ्यातील कंदी पेढे का प्रसिद्ध आहेत, हे जाणून घ्या.’ व्याकरणदृष्ट्या यात दोष काढता येणार नाही. पण वक्ता कोण व श्रोता कोण हे सांगता येत नाही. पहिले वाक्य प्रश्नार्थक आहे, पण तो प्रश्न कोणी कोणाला विचारलेला नाही. ग्राहकाने शोधचौकटीत जे शब्द लिहिले असतील त्यांची ती नक्कल आहे. पुनरुक्ती आहे, पण लाटानुप्रासाची नव्हे. लाटानुप्रासात शब्द तोच राहून तात्पर्य बदलते. येथे तात्पर्यच नसल्याने बदलण्यास काही उरत नाही. ‘सर्वोत्तम’ हे विशेषण कशाशीही तुलना करीत नाही. ते पेढ्याला लागत नाही, शोधाला लागते. खवा भाजण्याचा खमंगपणा, पेढ्याची रवाळ पोत यांविषयी एक अक्षर नाही, कारण ते कोणी शोधलेले नाही.

या परिच्छेदाचा पहिला वाचक यंत्र आहे. यंत्राला रुची नाही, म्हणून त्याच्यापुढे स्तुती करता येत नाही. केवळ जुळणी करता येते. अर्थवादाला आवश्यक असलेला श्रोताच येथे अनुपस्थित आहे. शोधयंत्रांच्या चालकांनाही या गद्याचा उपद्रव झाला. पानाच्या अदृश्य भागात शोधशब्द कोंबण्याची प्रथा इतकी बोकाळली, की तो भाग क्रमवारीसाठी विचारात घेतला जात नाही असे गूगलने 2009 मध्ये जाहीर केले. 2011 मध्ये निकस मजकुराच्या ढिगांना खाली ढकलणारा बदल केला. त्यानंतर यंत्राला ‘माणसासाठी लिहिलेले’ वाटावे असे लिहिण्याचे तंत्र निघाले. माणसासाठी लिहिणे आणि तसे यंत्राला वाटावे म्हणून लिहिणे यांतील अंतर हेच आजच्या दृश्यतेच्या गद्याचे मर्म होय. भाषानिर्मिती करणाऱ्या प्रणालींच्या प्रसारानंतर तर लिहिणारे व वाचणारे दोघेही यंत्र असण्याची शक्यता निर्माण झाली आहे.

४

समाजमाध्यमांची गोष्ट थोडी निराळी आहे. तेथे माणूस आहे, पण तो वाचक असण्याआधी दर्शक आहे. साताऱ्याजवळील कास पठार 2012 मध्ये पश्चिम घाटाच्या नामांकनाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आले. पावसाळ्याच्या उत्तरार्धातील तेथील फुलांची छायाचित्रे समाजमाध्यमांतून पसरली आणि पुढे पर्यटकांच्या दैनंदिन संख्येवर मर्यादा घालणे, शुल्क व आरक्षण ठेवणे भाग पडले. गर्दीला रस्ते, वाहने आदी इतरही कारणे आहेत. परंतु जे दिसावे म्हणून लोक जातात ते त्यांच्या जाण्यानेच तुडविले जाते, हा विरोधाभास लक्षणीय आहे. गी दबोरने 1967 मध्ये दृश्यप्रधान समाजाविषयी जे प्रतिपादन केले, त्यात दृश्य हे अनुभवाची जागा घेते. कासच्या बाबतीत ते अनुभवाच्या विषयालाच ग्रासू पाहते.

महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील भिलार हे 2017 मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून घोषित झाले. येथे वाङ्मय हेच दृश्यतेचे द्रव्य आहे. घराघरांत पुस्तके ठेवून वाचकाला बोलावणे ही कल्पना स्वागतार्हच. तथापि पुस्तकांच्या मांडणीसमोर काढलेले छायाचित्र आणि पुस्तकाचे वाचन या दोन क्रिया भिन्न आहेत, आणि पहिलीचा गाजावाजा ही दुसरीची हमी नव्हे. उलट, तेथे एखादा पर्यटक पाऊस थांबेपर्यंत एखादे पुस्तक उघडून बसेल ही शक्यताही नाकारता येणार नाही. पाटीवरून अक्षरे शिकणाऱ्या मुलाचे उदाहरण येथेही लागू पडते.

५

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप संभवतो. ‘किर्लोस्कर’सारखे मासिक चालविण्यास कारखाना लागत होता, आज सांगलीचा हळद उत्पादक किंवा माण-खटावमधील बचतगट भ्रमणध्वनीवरून आपला माल परमुलखापर्यंत दाखवू शकतो. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. ते नाव ग्राहकाच्या दृष्टीस पडले नाही तर त्याचा उत्पादकाला उपयोग काय? संपादकाच्या दारावर अडविल्या गेलेल्या समाजगटांना या माध्यमांनी वाट करून दिली, हे सत्य आहे. दृश्यतेची टीका ही ज्यांना दृश्यता आधीच लाभली आहे त्यांची चैन ठरू शकते. हा आक्षेप मान्य केलाच पाहिजे.

परंतु तो मान्य केल्यावरही प्रश्न उरतो. जुन्या दारावर उभा असलेला संपादक पक्षपाती असेल, पण त्याच्याशी वाद घालता येत होता. नव्या दारावरचा क्रमवारीचा नियम गोपनीय आहे. वाई येथून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड 1976 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील नोंदींचा क्रम अकारविल्हे आहे. अकारविल्हे क्रम कोणाचाही पैसा ओळखत नाही. त्यात ‘सातारा’ आणि ‘सांगली’ आपापल्या वर्णांच्या हक्काने जागा घेतात. शोधयंत्राचा क्रम हा मूल्यनिर्णय असतो आणि तो माहितीच्या वेषात येतो. एखाद्या संहितेला प्रथम स्थान देणे म्हणजे तिचे मूल्यमापन करणेच होय, हे समीक्षेला सांगण्याची गरज नसावी.

शिवाय मराठीच्या बाबतीत अदृश्यतेचे कारण लिपीतही आहे. 1990 च्या दशकात मराठीची अक्षरजुळणी संगणकावर आली ती बहुतांशी युनिकोडपूर्व टंकांत. त्या टंकांत जुळविलेला मजकूर शोधयंत्राला निरर्थक चिन्हांची रांग वाटतो. छायाचित्ररूपाने साठविलेली जुनी पाने अक्षरओळखीची प्रक्रिया केल्याखेरीज त्याला वाचताच येत नाहीत. त्या काळातील वाङ्मयीन नियतकालिकांतील वादविवादाचा मोठा भाग यामुळे शोधाच्या कक्षेबाहेर आहे. ‘वाङ्मय’ हा शब्दच महाजालावर अनेक प्रकारे लिहिलेला आढळतो आणि प्रत्येक लेखनप्रकार निराळे निकाल देऊ शकतो. शुद्धलेखनाचा जुना वाद येथे दृश्यतेचा वाद होऊन परत आला आहे. कंदी पेढ्यावरचा पोकळ परिच्छेद क्षणात सापडतो आणि विद्यार्थ्याला हवा असलेला समीक्षालेख सापडत नाही. पुढे जे सापडत नाही ते लिहिलेच गेले नाही असे मानले जाते. परंपरा विस्मरणाने तुटते हे ठाऊक होते. ती अनुक्रमणिकेअभावीही तुटू शकते.

६

तात्पर्य, दृश्यतेचे गद्य विक्रीसाठी आहे म्हणून ते त्याज्य ठरत नाही. ‘किर्लोस्कर खबर’ही विक्रीसाठीच होती. निकष असा, की त्या गद्याच्या संहितेत नकार देऊ शकणारा वाचक निहित आहे काय? तो असेल तर हेतुबद्ध गद्यही हेतूला ओलांडण्याची शक्यता बाळगते. नसेल तर कितीही वर दिसणारे पान हे कोणी कोणाला न सांगितलेले वाक्य राहते. अशा संहितांची बारकाईने चिकित्सा करणे आणि स्वतःची जुनी पाने वाचनीय व शोधनीय स्वरूपात आणणे, ही दोन्ही कामे मराठी समीक्षेपुढे आहेत. दुसरे काम कष्टाचे असून त्यात सिद्धान्ताचे तेज नाही. पण ते केल्यावाचून पहिल्याला वाचक मिळणे कठीण. किर्लोस्करवाडीच्या माळावर आधी जमीन सारखी करावी लागली होती; नांगराची स्तुती नंतर आली.