कृष्णधवल छायाचित्रातलं मूल

मागच्या वेळी आपण साधारणीकरणापाशी थांबलो होतो. भट्टनायकांनी मांडलेली, अभिनवगुप्तांनी पुढे नेलेली ही कल्पना. रंगमंचावरचा शोक अमक्याचा, तमक्या गावचा राहत नाही. व्यक्ती, स्थळ, काळ गळून पडतात, म्हणून तर त्याचा करुण रस होतो. आज ती कल्पना छायाचित्राला लावून पाहू. जे नाटकाला तारतं तेच दस्तऐवज म्हणून काढलेल्या छायाचित्राला मारतं, असं आमचं म्हणणं आहे.

आता पेण-रोह्याकडचंच घ्या. दिवाळी सरली की इथल्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर, कोळसाभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मुलं बरोबरच. भट्टीवरच्या मुलांचे कृष्णधवल फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत: मोठाले डोळे, विस्कटलेले केस, मागे धूर. फोटो देखणे असतात, वाद नाही. पण काय काय गेलं बघा. विटेचा लाल गेला. अंगावरची माती कुठे संपते आणि कातडी कुठे सुरू होते, ते गेलं. पोर शाळेचा निळा सदरा घालून कच्च्या विटा उलथत असेल, तर तो निळाही गेला. आणि खरा पुरावा तोच होता, की याचं नाव कुठल्या तरी शाळेच्या पटावर असणार. वर काळही गेला. फोटो 1950चा की यंदाचा, कळत नाही. जुन्या गोष्टीवर हळहळणं सोपं असतं, बरं का.

पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत डोळ्यांच्या आखणीला केवढा मान! आमच्या छायाचित्रकारांचंही तसंच, सारा जीव डोळ्यांत. मुलाचे हात काय करतायत, हे क्वचित दिसतं.

कुणी भोपाळचा दाखला देईल. 1984. त्याच अनाम बालकाच्या दफनाचं छायाचित्र रघु राय यांनी कृष्णधवल काढलं, पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. रंगीताला वर्ल्ड प्रेस फोटोचा सन्मान मिळाला. रायांचं चित्र जास्त आत उतरतं, असं आम्हालाही वाटतं. पण ते मूल गेलेलं होतं. त्याच्यापुरता शोकच उरला होता. भट्टीवरचं मूल जिवंत आहे. त्याच्यावर आधीच करुण रस शिंपडून कसं चालेल?

लुईस हाईन हा अमेरिकन छायाचित्रकारही कृष्णधवलच काढायचा. 1908 पासून तो तिथल्या राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी गिरण्या, खाणी हिंडला. कोटाच्या गुंड्यांवरून मुलांची उंची मोजायचा असं सांगतात. चित्राखाली गाव, वय, काम, कधी मजुरीसुद्धा. रंगानं जे हिरावलं ते त्यानं अक्षरांनी परत आणलं. तरी 1916चा कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1918 मध्ये रद्द केला, टिकणारा कायदा 1938 मध्ये आला. तेव्हा छायाचित्रानं जग बदलतं वगैरे आम्ही म्हणत नाही.

आपल्याकडे नाव छापता येत नाही. 2015च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 अशा मुलांची ओळख उघड करू देत नाही, आणि ते योग्यच आहे. पण नाव झाकायचं म्हणून सगळंच झाकायचं? उचल किती घेतली होती? हजार विटांमागे दर काय? हिशेब कधी होतो? वहीत बापाचं नाव असतं. पोरानं उलथलेल्या विटा त्या हजारात धरल्या जातात, पोर मात्र वहीत नसतं. छायाचित्रात नेमकं उलट. पोर आहे, वही नाही. कुटुंबाच्या व्यवसायात मुलानं शाळा सांभाळून मदत करायला 2016च्या दुरुस्तीनं मुभा दिली, पण भट्टी काही त्या कुटुंबाची नसते.

पेणला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. यातला एखादा फोटो तिथल्या टेबलावर नेऊन ठेवा. साहेब आधी विचारतील, कुठल्या हद्दीतली भट्टी? कुठला महिना? पोर कितवीत आहे? फोटोमागे यातलं काही लिहिलेलं नसेल, तर साहेबही आपल्यासारखेच हळहळतील आणि चहा मागवतील.