खुर्ची आणि मतदार

आपली राजकीय कादंबरी निवडणुकीकडे पाहते ती खुर्चीच्या बाजूने. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ (१९७३) आणि ‘सिंहासन’ (१९७७) या मराठीतल्या उत्तम राजकीय कादंबऱ्या होत, याविषयी वाद नसावा. सत्तेच्या दालनांतली कुजबूज, वार्ताहरांची धावपळ, मुख्यमंत्र्यांचे डावपेच, हे सारे त्यांत जिवंत उतरले आहे. परंतु कालपर्यंत हसण्यावारी नेलेली एखादी कल्पना मतदानानंतर शक्य कशी वाटू लागते, हा प्रश्न तेथे गौणच राहतो.

वस्तुतः मराठी माणसाने हे अनुभवलेले आहे. जानेवारी १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचे जाहीर केले, तेव्हा मुंबईसह महाराष्ट्र हा दिल्लीच्या लेखी निव्वळ हट्ट होता. आंदोलनात शंभरावर माणसे प्राणास मुकली, चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडले. तरी नोव्हेंबरात माथी आले ते द्वैभाषिकच! मग १९५७ ची निवडणूक झाली. तीत संयुक्त महाराष्ट्र समितीला राज्य मिळाले नाही, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. गुजरात, विदर्भ, मराठवाडा यांच्या बळावर काँग्रेस सत्तेवर राहिली. पण पश्चिम महाराष्ट्रात तिचा असा धुव्वा उडाला की खुद्द यशवंतराव चव्हाण कऱ्हाडात थोडक्यात बचावले. द्वैभाषिकाचे गोडवे गाणाऱ्यांचा आवाज तेव्हापासून खाली आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य आले ते त्याच काँग्रेसच्या हातून. (आमचे मालाड बृहन्मुंबईत शिरले तेही १९५७ सालीच, शहर कोणाचे हा वाद चालू असतानाच ते आमच्या दाराशी आले.) हरलेल्याची कल्पना जिंकलेल्याने उचलावी, यात कादंबरीकाराला केवढे नाट्य आहे!

तथापि याचा नियम करू नये. गोव्यात १९६३ साली महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला, तेव्हा विलीनीकरण जवळजवळ ठरल्यासारखेच वाटले. १६ जानेवारी १९६७ रोजी तोच प्रश्न सुटा करून विचारला, तर गोव्याने नकार दिला. आणि गंमत अशी की, लगेचच झालेल्या निवडणुकीत त्याच गोवेकरांनी भाऊसाहेब बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले. माणूस हवा, त्याची कल्पना नको!

बेळगावची गोष्ट याहून कठीण. महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार तेथून वारंवार निवडून गेले, पण सीमा तसूभर हलली नाही. १९५७ साली राज्यकर्त्या पक्षाला त्याच मतांवर पुढे जगायचे होते. बेंगळूरच्या सत्तेचे बेळगावच्या चार मराठी जागांवाचून काय अडणार? २०१८ आणि २०२३ साली तर समितीचा एकही आमदार आला नाही. इतकी वर्षे तेच मत पेटीत टाकून मुकाट्याने घरी परतणाऱ्या त्या मतदाराच्या मनात काय काय घडले असेल, यावर मराठीत मोठी कादंबरी मी तरी अजून वाचलेली नाही.