जाहिरातीचे विडंबन आणि कंपनीचे उत्तर

व्यापारी संदेशाचेच अक्षरवळण आणि बोधचिन्ह उचलून त्याच्याकडून उलटा अर्थ वदवून घेण्याच्या कलेला ‘कल्चर जॅमिंग’ म्हणतात. रेडिओ प्रक्षेपणात मुद्दाम आणलेल्या व्यत्ययावरून अमेरिकेतील ‘निगेटिव्हलँड’ या संगीतगटाने १९८४ मध्ये हे नाव दिले. सॅन फ्रान्सिस्कोचा ‘बिलबोर्ड लिबरेशन फ्रंट’ १९७७ पासून रस्त्यावरच्या फलकांतील मजकूर बदलत असे, आणि १९८९ मध्ये व्हँकुव्हरला निघालेल्या ‘अ‍ॅडबस्टर्स’ नियतकालिकाने बनावट जाहिराती छापल्या. परंतु फलक चौकापुरता असतो आणि नियतकालिक वर्गणीदारांपुरते. इंटरनेटने ही हद्द मोडली हे उघडच आहे. त्याहून महत्त्वाचे हे की, विडंबन पुरे करण्याचे काम आता पुष्कळदा खुद्द कंपनीच करते.

२०१० मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेने काढलेल्या चित्रफितीत कार्यालयातला एक कंटाळलेला कर्मचारी किटकॅटचे आवरण फाडतो, आतून ओरांगउटानचे केसाळ बोट निघते, तो ते चावतो आणि रक्त संगणकाच्या कळफलकावर ओघळते. पामतेलासाठी होणाऱ्या जंगलतोडीवरची ही टीका किटकॅट बनवणाऱ्या नेसलेने स्वामित्वहक्काच्या नावाखाली यूट्यूबवरून उतरवायला लावली. त्यामुळे तिचा गाजावाजा अधिकच झाला आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात कंपनीला पामतेल खरेदीचे धोरण बदलावे लागले.

‘येस मेन’ या जोडगोळीने नक्कल चित्राची न करता पत्त्याचीच केली. युनियन कार्बाइड विकत घेतलेल्या डाऊ कंपनीच्या नावाने त्यांनी हुबेहूब बनावट संकेतस्थळ उभारले होते. त्यावरून बीबीसीने संपर्क साधला आणि ३ डिसेंबर २००४ रोजी, भोपाळ दुर्घटनेच्या विसाव्या स्मृतिदिनी, त्यांच्यापैकी एकाने डाऊचा प्रवक्ता म्हणून १२ अब्ज डॉलर भरपाई जाहीर केली. डाऊचा समभाग घसरला; आणि अशी कोणतीही भरपाई दिली जाणार नाही, हे कंपनीला त्याच दिवशी जगासमोर स्वतःच्या तोंडाने सांगावे लागले. पीडितांना खोटी आशा दाखवल्याचा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही, तरी रचना म्हणून या कलेतला हा सर्वांत धारदार नमुना होय.

पुढे कंपन्याही शहाण्या झाल्या. आज कित्येक ब्रँड स्वतःच मीम काढून स्वतःची टर उडवतात, आणि आधीच हसणाऱ्याचे विडंबन करणे अवघड होऊन बसते. या क्षेत्रातली सध्याची मरगळ बहुधा यातूनच आली आहे.

भारतात मात्र विडंबनासाठी बोधचिन्ह वापरण्याचा प्रश्न न्यायालयात गेला. ओडिशातील धामरा बंदरामुळे ऑलिव्ह रिडले कासवांना धोका असल्याचे सांगण्यासाठी ग्रीनपीसने ‘टर्टल व्हर्सेस टाटा’ हा पॅकमॅनच्या धर्तीचा ऑनलाइन खेळ काढला, त्यात टाटांचे बोधचिन्ह वापरले, आणि मुंबईस्थित टाटा सन्सने दहा कोटी रुपयांच्या भरपाईचा दावा लावला. इंटरनेटचा पसारा मोठा असला तरी बदनामीवरील मनाईचा निकष त्यामुळे बदलत नाही, आणि मनाई दिल्यास बंदराविषयीची सार्वजनिक चर्चाच गोठेल, असे म्हणत दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये अंतरिम मनाई नाकारली.