हातच्याला शब्द नसलेली भाषा

जीएमपी हा प्रचंड पूर्णांकांचे गणित करणारा कार्यसंग्रह १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्याचा पुष्कळसा भाग सी भाषेत असला, तरी बेरीज, वजाबाकी, गुणाकार या तळाच्या क्रिया अनेक प्रोसेसर-कुलांसाठी असेम्ब्लीत स्वतंत्रपणे लिहिलेल्या आहेत. हा निव्वळ वेगाचा हव्यास होय, असा आक्षेप घेता येईल. तथापि या लेखनाचे मूळ कारण भाषिक आहे.

एका यंत्रशब्दात न मावणारी संख्या खंडशः मांडली जाते. इंग्रजीतील अंकवाचक शब्द मुळात बोटाचा वाचक. म्हणून अनेक अंक सामावणाऱ्या खंडाला जीएमपीच्या कर्त्यांनी 'लिम', म्हणजे अवयव, असे नाव दिले. दोन खंडांच्या बेरजेतून उरणारा एक तो आपला शाळेतील हातचा. अनेक प्रोसेसर तो कॅरी फ्लॅगमध्ये जपून ठेवतात. परंतु सी भाषेच्या साध्या बेरजेत तो लुप्त होतो. मग बेरीज मूळ संख्येहून लहान झाली काय, हे पाहून त्याचे अनुमान करावे लागते. यंत्राला जे ठाऊक आहे, ते सांगण्यास भाषेपाशी शब्द नाही.

एक्स८६-६४ या कुलात हा प्रश्न अधिक स्पष्ट होतो. आवर्तने मोजताना 'सब' ही आज्ञा वापरली, तर हातचा पुसला जातो. 'डेक' वापरली, तर तो टिकतो. गुणाकार करून बेरजेत मिळविताना तर दोन हातचे एकाच फ्लॅगवर हक्क सांगतात. २०१३ साली हॅसवेल पिढीत आलेली 'मलएक्स' आज्ञा फ्लॅगना स्पर्श करीत नाही. २०१४ च्या ब्रॉडवेल पिढीतील 'एडीसीएक्स' व 'एडीओएक्स' या आज्ञा दोन निरनिराळे फ्लॅग वापरून दोन्ही हातचे स्वतंत्रपणे वाहतात.

परंतु एका पिढीस अनुकूल असलेली आज्ञारचना दुसरीस मंद ठरते. अनेक फायलींच्या शिरोभागी प्रत्येक प्रोसेसरवर एका खंडास किती आवर्ते लागतात याची सूची असते. ती पाठभेदांच्या सूचीसारखीच वाचावी लागते. पाठ वाढले की प्रमादाची स्थानेही वाढतात. हातच्याची चूक विरळा संख्यांतच प्रकट होते. यदृच्छेने निवडलेल्या संख्यांच्या चाचणीत ती सहज निसटते. म्हणूनच जीएमपीत शून्य व एक यांच्या दीर्घ मालिका असलेल्या संख्या मुद्दाम निर्माण करण्याची सोय आहे, आणि असेम्ब्लीचे उत्तर सी भाषेतील साध्या पाठाशी ताडून पाहिले जाते.

या साध्या पाठाचे मोल वेगाच्या कौतुकात विसरले जाऊ नये. तो मंद असेल, पण अर्थनिर्णय त्याच्याच आधारे होतो. जेथे भाषेला शब्द नाही, तेथे असेम्ब्ली समर्थनीय आहे. जेथे तो आहे, तेथे नवा पाठभेद म्हणजे पुढील संपादकावर लादलेले ओझेच होय.