स्वरांची चित्रे : बालसंगीतपुस्तकाच्या पहिल्या पानाचा विचार

वाद्य शिकू लागलेल्या मुलासाठी सचित्र पुस्तक काढू पाहणाऱ्यास एक चित्रमाला आयतीच हाती लागते. षड्जाला मोर, गांधाराला बोकड, मध्यमाला क्रौंच, पंचमाला कोकिळ, निषादाला हत्ती ही नारदीय शिक्षेतील जोडणी तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकरा’त थोड्या फेराने स्वीकारली. ऋषभाचा बैल जाऊन तेथे चातक आला, धैवताच्या घोड्याची जागा बेडकाने घेतली. आजऱ्याच्या मुलाला ही माला घरचीच वाटावी. बोकड, बैल, बेडूक त्याच्या अंगणातले. आणि कर्नाटकाच्या जंगलांतून आजरा-चंदगड भागात उतरणाऱ्या हत्तींमुळे निषादाचा धनीही त्याला आता केवळ चित्रातला राहिलेला नाही. उसाच्या फडाची दैना पाहिलेल्या मुलास हत्ती ओळखण्यासाठी शार्ङ्गदेवाची गरज नाही.

तथापि ओळखीचे चित्र आणि शिकविणारे चित्र या दोन भिन्न गोष्टी होत. अंकलिपीत ‘क’ शेजारी कमळ येते तेव्हा त्या शब्दाच्या उच्चारातच ‘क’ हा ध्वनी असतो; मूल कमळ म्हणते आणि ध्वनी त्याच्या जिभेवर येतो. मोर म्हटल्याने षड्ज गळ्यात येत नाही. चित्र येथे स्वराच्या नावाची आठवण ठेवते, स्वराची नव्हे. शिवाय षड्ज हा कोणत्याही एका उंचीचा नाद नाही. गाणारा जो नाद आधार म्हणून धरील तो षड्ज, आणि इतर सहा स्वर त्याच्यापासूनच्या अंतराने ठरावयाचे. भाषेतील वर्ण ज्याप्रमाणे इतर वर्णांहून असलेल्या वेगळेपणानेच वर्ण ठरतो, त्याप्रमाणे स्वरही संबंधाने स्वर होतो. सात प्राण्यांची सात सुटी चित्रे नेमका हा संबंधच पुसून टाकतात.

संबंध दाखविणारे चित्र शोधले तर ते गावोगावच्या भजनी मंडळांपुढेच पडलेले असते. पेटीच्या पट्ट्या अंतर डोळ्यांना दाखवितात. मात्र पांढरी एक या पट्टीवर ‘सा’ लिहून देणारे पुस्तक मुलाची कायमची फसगत करते. भजनातल्या बुवांनी काळी चार मागितली की सगळी नावे सरकतात, आणि पट्टीलाच स्वर समजून बसलेल्या मुलाचे बोट अडते. ही अडचण गुरूजवळ बसलेल्याला चार दिवसांत सुटते. ज्याला गुरू नाही, केवळ पुस्तक आहे, त्याला ती वर्षानुवर्षे छळते. आणि बालपुस्तकाची गरज खरी त्यालाच असते.

गुरूविना शिकणाऱ्याची ही चिंता प्रथम ज्यांनी मोठ्या प्रमाणावर वाहिली ते विष्णु दिगंबर पलुसकर याच जिल्ह्यातील कुरुंदवाडचे. 1901 साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी पायरीपायरीची पुस्तके छापविली. भातखंड्यांनी आपल्या क्रमिक पुस्तकमालिकेने तेच कार्य वेगळ्या चिन्हांनी केले. दोघांनीही चिन्हे देवनागरीवर बसविली, आणि वाचन नुकतेच शिकलेल्या मुलाचा घोटाळा तेथेच सुरू होतो. अक्षरावरील बिंदू त्याच्या दृष्टीने अनुस्वार. पलुसकरांच्या पद्धतीत तो मंद्र सप्तक सांगतो, भातखंड्यांच्या पद्धतीत तार. अक्षरावरची उभी रेघ पहिल्या पद्धतीत तार सप्तकाची, तर दुसरीत तीव्र मध्यमाची. पलुसकरांचा कोमल गंधार पाय मोडलेल्या ‘ग’सारखा दिसतो, आणि पाय मोडलेले अक्षर अर्धे म्हणावे हे तर शाळेने शिकविलेले असते. कोमल गंधार हा अर्धा गंधार नव्हे. तो पूर्ण आहे, केवळ खाली उतरलेला आहे. या एका बाबतीत भातखंड्यांची अक्षराखालची आडवी रेघ निःसंशय सरस ठरते, कारण बाराखडीत तिला दुसरा अर्थच नाही. मोठ्या विद्यार्थ्यास दोन्ही लिप्या पाठ करता येतात. सात वर्षांच्या मुलापुढे मात्र एकच ठेवली पाहिजे.

तालाची गोष्ट निराळी. तबल्याचे बोल ही मुळातच उच्चाराने काढलेली चित्रे आहेत. उजव्या हाताचा ‘ता’ आणि डाव्या हाताचा घुमारा एकत्र आले की ‘धा’ होतो. ‘तिं’ला डग्ग्याची साथ मिळाली की ‘धिं’. हातांत जो फरक, तोच तोंडात अघोष आणि घोष वर्णांत आहे. त्रितालात खालीच्या प्रदेशात डग्गा घुमायचा थांबतो, तेव्हा बोलही ‘धा धिं धिं धा’ सोडून ‘तिं तिं ता’ असे घोषहीन होतात. मूल हे म्हणते तेव्हा त्याचा कंठ डग्ग्याबरोबरच स्तब्ध होतो, आणि टाळी कोठे उघडावी हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. येथे चित्रकाराचे काम थोडकेच उरते : घुमणाऱ्या मात्रेला भरीव वर्तुळ, न घुमणाऱ्या मात्रेला पोकळ. मूल ओठांनी जे करीत आहे तेच त्याला कागदावर दिसेल.

या दृष्टीने सचित्र पुस्तकाचा आरंभ मोरापासून न होता बोलांपासून व्हावा. स्वरांची पाने त्यानंतर यावीत, आणि त्यांत चित्र असावे ते पायऱ्यांचे, ज्यांची पहिली पायरी मुलाने आपल्या गळ्याप्रमाणे हवी तेथे मांडावी. हत्तीला तेथे मज्जाव नाही. सातव्या पायरीवर तो खुशाल उभा राहावा, परंतु सहावीपासून किती उंच आणि वरच्या षड्जाच्या किती जवळ हे त्याच्या उभे राहण्यावरून दिसले पाहिजे.