ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार : साधन की साहित्य?

प्रस्तावना :
अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा आहे. त्याच सुमारास बायझंटाईन साम्राज्याच्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपल येथे, मायकेल प्सेलोस हा पंडित सम्राटांना, न्यायाधीशांना व धर्माधिकाऱ्यांना पत्रे लिहीत होता. त्याची सुमारे ५०० पत्रे उपलब्ध आहेत. शिलाहारकालीन कोकणाचा इतिहास मात्र मुख्यतः शिलालेख व ताम्रपट यांवरच उभा आहे. विद्या वा तप यांचा अधिकार आणि राजसत्ता यांच्यातील नात्याचे पत्ररूप दर्शन मराठीत ठळकपणे घडते ते अठराव्या शतकात, ब्रह्मेंद्रस्वामी धावडशीकर (मृत्यू १७४५) यांच्या पत्रव्यवहारात.

पत्रांचे स्वरूप :
शाहू महाराज, बाजीराव, चिमाजीअप्पा व आंग्रे घराणे यांच्याशी स्वामींचा पत्रव्यवहार होता. १७२७ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीकडून चिपळूणजवळील परशुराम देवस्थानाचा विध्वंस झाला. त्याचे शल्य स्वामींनी दरबारापुढे सतत जागते ठेवले. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर चिमाजीअप्पांनी विजयाचे वृत्त स्वामींना सविस्तर कळविले आणि यशाचे श्रेय त्यांच्या आशीर्वादाला दिले. दुसरीकडे हेच स्वामी पेशव्यांचे सावकार होते. म्हणून बाजीरावांच्या पत्रांत गुरुभक्तीबरोबर कर्जाची विवंचनाही येते. मायन्यात शिष्य चरणी मस्तक ठेवतो आणि मजकुरात ऋणको आपली ओढग्रस्त सांगतो.

समीक्षेची उणीव :
या पत्रांवरून पारसनीसांनी स्वामींचे गौरवपर चरित्र सिद्ध केले. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या तिसऱ्या खंडात त्या गौरवावर कठोर प्रहार केला. निष्कर्ष परस्परविरोधी असले तरी दोघांचा प्रश्न एकच होता : स्वामी थोर होते की नव्हते? त्या प्रश्नाच्या भरात पत्र हा लेखनप्रकार दुर्लक्षित राहिला. आशीर्वाद हा सावकारीवरचा मुलामा मानला तर बाजीराव भोळे ठरतात. सावकारी गौण मानली तर पत्रांतील तगादा अनाकलनीय ठरतो. वस्तुतः दोन्ही एकाच भाषेत व्यक्त होतात. स्वामींचा रोष ही गुरूची नाराजी असते आणि वसुलीचे साधनही असते. उत्तर देणाऱ्याला दोहोंचे समाधान एकाच पत्रात करावे लागते. ही कसरत हाच या गद्याचा प्राण होय.

प्सेलोसच्या पत्रांच्या बाबतीत उलटे घडले. ती वाङ्मयीन नमुने म्हणून जतन झाली आणि इतिहासकारांनी त्यांत अलंकार फार व माहिती थोडी, अशी तक्रार केली. पुढे अभ्यासकांच्या ध्यानात आले की स्तुती, विनोद, भेटवस्तूंचे आभार आणि शिफारशी यांमधूनच तेथे सत्तेचा व्यवहार चाले. प्सेलोसनेही १०५४ मध्ये संन्यासदीक्षा घेतली होती, तरी तो लवकरच दरबारात परतला. स्वामींपाशी प्सेलोसचे पांडित्य नव्हते. त्यांचा अधिकार तपाचा होता. तथापि विरक्ताने राजकारणात बोलण्याची सोय पत्रानेच दोघांनाही करून दिली.

समारोप :
बखरीपेक्षा समकालीन पत्र अधिक विश्वसनीय, हे राजवाड्यांनी ठासून सांगितले. परंतु मराठी गद्याच्या इतिहासात बखरीला जे स्थान लाभले, ते पत्राला लाभले नाही. विश्वसनीय ठरल्यामुळेच पत्र ‘साधन’ झाले आणि साहित्याच्या अभ्यासकाच्या हातून निसटले. ही हानी केवळ साहित्याची नाही. मायना वगळून मजकूर वाचणाऱ्या इतिहासकाराला बाजीरावांच्या कर्जाचा आकडा मिळेल. परंतु त्या कर्जाने पेशव्याला कोणापुढे, कशासाठी व किती नमावे लागले, हे कळणार नाही. याकरिता या पत्रांचे वाचन इतिहास व मराठी या दोन्ही विभागांनी एकत्र बसून करणे अगत्याचे आहे.