काकासाहेबांच्या घराचे काय झाले?

जुना चित्रपट पुन्हा पाहू नये, असे माझे एक मास्तर मित्र पुष्कळ वर्षे म्हणत आले. लहानपणी ज्या आंब्याखाली सारा वर्ग मावत होता तो आंबा मोठेपणी जाऊन पाहिला की खुजा दिसतो. चित्रपटांचीही तीच गत होते, तेव्हा आठवण आहे तशी राहू द्यावी, हे त्यांचे मत. गंमत अशी, की गेली तीन वर्षे आमच्या चांदूर बाजारला जुन्या चित्रपटांची जी बैठक भरते ती याच मास्तरांच्या घरी. मुलाने पुण्याहून मोठा टीव्ही पाठवला, नातवाने त्यावर यूट्यूब लावायला शिकवले, आणि मास्तरांचे तत्त्वज्ञान पहिल्याच शनिवारी गुंडाळले गेले.

बैठकीला आम्ही पाच-सहा जण असतो. अमरावतीच्या कोर्टात हयात घालवलेले वकीलसाहेब, संत्र्याचा बगीचा राखणारे भाऊ, कापसाची अडत चालवलेले शेठजी, मास्तर आणि मी ही कायमची मंडळी. सरासरी वय सत्तरीच्या पुढचे, त्यामुळे घाई कुणालाच नाही. 'संत तुकाराम' झाला, 'माणूस' झाला, 'शेजारी' झाला. 'संत तुकाराम'च्या रात्री शांताराम आठवल्यांनी चित्रपटासाठी लिहिलेले एक पद शेठजींनी तुकोबांचाच अभंग म्हणून छातीठोकपणे सांगितले. मास्तरांनी गाथा काढून त्यांच्यापुढे ठेवली. दोन तास शोधूनही ते पद सापडले नाही. शेठजी मात्र अजून हटलेले नाहीत. गाथाच अपुरी आहे, असे ते म्हणतात.

घरी चित्रपट पाहण्यात एक मोठी सोय आहे, ती म्हणजे तो थांबवता येतो. आमच्या पिढीला ही सोय अगदीच नवी नाही. बहिरमची यात्रा आमच्याच तालुक्यातली. तिथे लहानपणी तंबूत चित्रपट पाहिले, तेव्हा यंत्र एकच असे आणि रीळ संपले की दिवे लागत. ते बदलीपर्यंत जी चर्चा चाले ती मूळ चित्रपटापेक्षा रंगतदार असे. पुढे काय होणार यावर पैजा लागत, खलनायकाला शिव्या पडत, आणि बाहेरून हंडीतल्या मटणाचा आणि भाजत्या रोडग्यांचा वास येई. पुढे शहरात चांगल्या चित्रपटगृहांत बसायला लागलो तेव्हा हे बोलणे बंद झाले. शेजारचा 'शुक्' करतो. मास्तरांच्या ओसरीवर ते रीळ बदलण्याचे दिवस परत आले आहेत, एवढाच फरक, की आता दिवे केव्हा लावायचे ते आमच्या हाती आहे.

'कुंकू' मी पहिल्यांदा त्या तंबूतच पाहिला. बारा-तेरा वर्षांचा असेन. छत्री, घड्याळ आणि एका बाईने चालवलेली छडी एवढेच लक्षात राहिले होते. गेल्या आश्विनात तो मास्तरांकडे लावला, तेव्हा पहिल्या दहा मिनिटांतच एक गोष्ट ध्यानात आली. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. 1937 सालच्या बोलपटात, आणि तोही प्रभातचा, व्ही. शांतारामांचा! कुणी दुःखी झाले की सारंगी नाही, कुणी चिडले की ढोल नाही. जे ऐकू येते ते त्या घरातले आणि रस्त्यावरचे आवाज. भिंतीवरचे जुने घड्याळ टोले देते ते अंगावर येतात, कारण त्यांना झाकायला दुसरे काही नाही. तंबूतल्या जनरेटरच्या धडधडीत हे कळणे शक्यच नव्हते. मास्तरांचा आंबा निदान या बाबतीत खुजा न दिसता वाढलेला दिसला.

कथा वाचकांना माहीत असेल. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून हा चित्रपट निघाला. हिंदीत तोच 'दुनिया न माने'. नीरा या तरुण मुलीचे लग्न, नातलगांच्या पैशाच्या लोभापायी, काकासाहेब या वयस्क विधुर वकिलाशी लावले जाते. त्यांना नीरेच्या वयाच्या आसपासचा मुलगा आहे, एक विधवा मुलगी आहे. नीरा हे लग्न मानायला नकार देते. रडत नाही, पळून जात नाही, विहीर जवळ करत नाही. त्याच घरात राहून ती 'नाही' म्हणत राहते. शांता आपट्यांनी ही नीरा अशी उभी केली आहे, की आजच्या मालिकांतल्या आसवे गाळणाऱ्या नायिकांना तिच्यासमोर बसवावे. तिच्या तोंडी लाँगफेलोची इंग्रजी कविता घातली आहे ते ठिगळ मला तरी तेव्हाही आवडले नसते आणि आताही आवडले नाही. पण तेवढे सोडले तर तिचा एकही शब्द उसना वाटत नाही.

देवलांचे 'शारदा' 1899 चे. त्यातही म्हातारा नवरा आणि कोवळी मुलगी आहे, पण तिथे लग्न ऐन वेळी मोडते आणि प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकून घरी जातो. 'कुंकू'चे धाडस असे, की जिथे 'शारदा' संपते त्याच्या पुढच्या दिवसापासून तो सुरू होतो. लग्न मोडले नाही तर काय, हा प्रश्न अडतीस वर्षांनी कुणीतरी विचारला.

चित्रपट शेवटाकडे आला आणि बैठकीत दोन तट पडले. काकासाहेबांना आपली चूक उमगते. नीरेने मोकळे व्हावे, दुसरे लग्न करावे, आपल्याला वडिलांच्या जागी मानावे, असे पत्र लिहून ते जीव देतात. शेठजींचे डोळे भरून आले. केशवराव दात्यांचे काम पाहून ते भरणारच. काकासाहेब हा दुष्ट माणूस नाही, लाजणारा, घाबरणारा, स्वतःशी खोटे बोलणारा साधा गृहस्थ आहे, हे दाते इतक्या बारकाव्याने दाखवतात की त्याचा राग टिकत नाही. शेठजी म्हणाले, "केवढं मोठं मन! असा त्याग कोण करतो?"

भाऊंना मात्र सारा मामलाच समजेना. ते म्हणाले, "आमच्यात असती तं चार मान्सं बसवली असती, काडीमोड केली असती, अन् पाट लावून देला असता. जीव द्याचं काम काय हाय याच्यात?"

आम्ही हसलो, पण वकीलसाहेब हसले नाहीत. त्यांनी टीव्ही थांबवायला लावला आणि कायदा सांगितला. 1937 साली ज्या समाजातली ही कथा आहे त्या समाजातल्या बाईला काडीमोड नव्हती. हिंदू लग्न मोडण्याचा कायदा मुंबई इलाख्यात 1947 साली आला. आपले वऱ्हाड त्या इलाख्यात नव्हते. आपल्याकडे ती वाट 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने उघडली. भाऊंच्या घरची काडीमोड ही रूढी, ती आधीही चालत होती आणि 1955 च्या कायद्यानेही तिला हात लावला नाही. पण नीरेसारखीला एकच दार होते. विधवेला पुनर्विवाह करण्याची मुभा 1856 पासून होती, सधवेला सुटण्याची नव्हती. म्हणजे नीरेच्या कपाळी दुसरे कुंकू लागायचे तर आधी पहिले पुसले गेले पाहिजे. "काकासाहेब वकील आहेत," आमचे वकीलसाहेब म्हणाले, "त्यांनी कलम पाहूनच जीव दिला आहे."

मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. 'कुंकू'वर जे बोलले जाते त्यात हा शेवट कधी उदात्त ठरतो, कधी भाबडा. भाऊंच्या एका वाक्याने तो कुणाचा शेवट आहे हे कळले. ज्या पिंजऱ्याला सारा मराठी समाज म्हणून आम्ही हळहळत होतो तो काही घरांचा पिंजरा होता. गावातल्या निम्म्याहून अधिक घरांत त्याला दार होते. हे शांतारामांना ठाऊक नसेल असे नाही, पण चित्रपट त्या दाराकडे पाहत नाही.

माझी स्वतःची तक्रार निराळी आहे. काकासाहेब मिशांना कलप लावतात, आरशासमोर उभे राहतात, घड्याळाचे टोले ऐकतात, ती फाटकी छत्री त्यांना वेडावते. दिग्दर्शकाने आपल्या पोतडीतल्या साऱ्या उत्तम वस्तू काकासाहेबांना दिल्या आहेत. नीरेला काय दिले? तिचा आवाज आणि एक छडी. सुरुवातीला हा चित्रपट नीरेचा आहे; उत्तरार्धात तो नकळत काकासाहेबांचा होतो, आणि शेवटी आपण रडतो तेही त्यांच्यासाठी. हे मी मोठ्या आवेशाने मांडत होतो. मास्तर मान डोलवत होते.

मास्तरांची मोठी माय, म्हणजे त्यांच्या थोरल्या काकांची पत्नी, आत दाराशी बसून वाती वळत होती. वय नव्वदीला टेकलेले. ती रोज बसते तशी बसली होती. चित्रपट ती अर्धा पाहते, अर्धा ऐकते, आणि आमच्या चर्चेत आजवर कधी बोललेली नव्हती. ती म्हणाली, "थो तं सुटला. पन मले सांगा बापू, मंग घर कोनाच्या नावानं झालं?"

कुणाला उत्तर आले नाही. आमच्यापैकी एकाच्याही मनात हा प्रश्न आला नव्हता. मी वकीलसाहेबांकडे पाहिले. ते जरा वेळाने म्हणाले, की योगायोग पाहा, त्याच 1937 साली हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा झाला आणि विधवेला मुलाच्या बरोबरीने वाटा मिळाला, अर्थात हयातीपुरता. पण 1856 च्या कायद्याचे दुसरे अंगही होते: विधवेने पुन्हा लग्न केले, की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क गेला. नीरेने पत्रातली इच्छा पाळली तर तिचा वाटा बुडतो. घर राहते मुलाकडे. त्याच मुलाकडे, ज्याने सावत्र आईवर वाईट नजर ठेवली होती.

"म्हनजे चिठ्ठीत लगन देलं अन् घर काढून घेतलं," मोठी माय म्हणाली. ती पुन्हा वाती वळू लागली.

मास्तर नंतर मला फाटकापर्यंत सोडायला आले तेव्हा त्यांनी बाकीचे सांगितले. काही मला ठाऊक होते, काही नव्हते. मोठी माय 1953 साली या घरात आली तेव्हा सतरा वर्षांची होती आणि मास्तरांचे थोरले काका पंचेचाळीसचे. पहिली बायको वारलेली, दोन मुलगे मोठे. काका माणूस वाईट नव्हते, असे मास्तर म्हणाले, आणि म्हणता म्हणता थांबले. आत्ताच पाहिलेला काकासाहेबही वाईट नव्हता. 1978 साली काका गेले. तोवर 1956 चा वारसा कायदा येऊन बावीस वर्षे झाली होती. मोठ्या मायचा वाटा मुलांइतकाच आणि पूर्ण मालकीचा होता. तेरवीनंतरच्या आठवड्यात मुलांनी हक्कसोडीचा कागद पुढे केला आणि तिने सही केली. पुढची हकीगत मी तिच्याच तोंडून नंतरच्या शनिवारी ऐकली: "पोट्टे म्हने, मोठ्या मनानं सही कर, तुले घरातून कोन काढते? कोनी नाही काढलं. मीच निघाली."

तेव्हापासून ती पुतण्याकडे, म्हणजे मास्तरांकडे आहे. मी या ओसरीवर शेकडो वेळा बसलो असेन. तिच्या हातचा चहा प्यालो असेन. ती इथे का राहते हे मी कधी विचारले नव्हते.

आता या चित्रपटाबद्दल माझे मत काय, असे संपादक विचारतील. 'कुंकू' हा आपल्या भाषेतला फार मोठा चित्रपट आहे, आणि तो एका ठिकाणी डोळे मिटतो, ही दोन्ही मते मी धरून आहे. ज्या घरात नीरा 'नाही' म्हणते त्या घराच्या भिंती, घड्याळ, जिना हे सारे शांतारामांनी इतके खरे करून दाखवले, म्हणूनच मोठ्या मायला तो प्रश्न सुचला. पडद्यावरचे खोटे घर असते तर ते कुणाच्या नावावर आहे हे कुणी कशाला विचारील? काकासाहेबांच्या विधवा मुलीचे काम शकुंतला परांजप्यांनी केले आहे. ती त्याच घरात सासरच्या कशावरही न विसंबता स्वतःच्या कामावर उभी आहे. दुसऱ्यांदा पाहताना माझे लक्ष तिच्याकडेच राहिले. नीरेला काकासाहेबांच्या पत्रापेक्षा या बाईचा उपयोग अधिक होणार होता, असे मला वाटते. चित्रपट तिला फार थोडा वेळ देतो.

वकीलसाहेबांनी त्या रात्रीनंतर दोन शनिवार दांडी मारली. तिसऱ्या शनिवारी आले तेव्हा त्यांनी आपणहून विषय काढला. हक्कसोडीचे कागद त्यांनी वकिलीत किती लिहिले याची गणती त्यांच्याकडे नव्हती. "बहिणींचे जास्त, आयांचे कमी," ते म्हणाले. "सही करताना बहुतेक बाया काहीच विचारत नसत. मीही सांगत नसे." कुणी त्यांना दोष दिला नाही, कुणी समजूतही घातली नाही. शेठजींनी चिवड्याचे ताट त्यांच्याकडे सरकवले.

त्या रात्री 'पिंजरा' लावायचा ठरला होता. मास्तर रिमोट घेऊन शोधाशोध करत होते, तेवढ्यात आतून आवाज आला.

"बापू, थो राहू दे. थे मागची लाव नं, छडीवाली."

मास्तरांना आधी कळले नाही. मग कळले. 'कुंकू' पुन्हा काढला आणि नीरा आपल्या सावत्र मुलाला छडीने फोडून काढते तो प्रवेश लावला. मोठी माय या वेळी दाराशी न बसता पुढे येऊन आमच्या खुर्च्यांच्या रांगेत बसली. प्रवेश संपला. मास्तर पुढचा चित्रपट लावायला उठले तर म्हणाली, "अजून एक डाव."

आम्ही तो प्रवेश त्या रात्री चार वेळा पाहिला.